करार संपेपर्यंत

के फ्रान्सिसला ‘र’ नीट म्हणता येत नसे. तिच्या तोंडून तो ‘व’च्या अंगानं यायचा. मूकपटात याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण ती पडद्यावर आली १९२९ साली. अमेरिकेतले सगळे स्टुडिओ तेव्हा मायक्रोफोनच्या धाकात होते. नावाजलेल्या नटनट्यांना आवाजाची चाचणी द्यावी लागत होती आणि रंगभूमीवर स्पष्ट बोलायला शिकलेली माणसं न्यूयॉर्कहून हॉलिवूडला नेली जात होती. अशा वेळी एका अक्षरावर अडणारी बाई सिनेमात येते आणि पुढच्या सहा-सात वर्षांत वॉर्नर ब्रदर्सची सगळ्यात मोठी नायिका होते. तिच्याबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं.

मी जिल्हा न्यायालयात स्टेनो होते. साहेब बोलायचे, मी लिहून घ्यायचे. साक्षीदार, वकील, पोलीस, पंच, सगळ्यांचं बोलणं कानावरून गेलं. पिटमनची लघुलिपी शिकताना आमच्या इन्स्टिट्यूटमधल्या बाई पहिल्याच दिवशी सांगायच्या की स्पेलिंग विसरा, कानाला येतं ते लिहा. त्यामुळे माणूस काय बोलतो याच्याबरोबर कसं बोलतो हेही ऐकायची सवय लागते, आणि ती निवृत्तीनंतर सुटत नाही. जुने इंग्रजी बोलपट मी रात्री पाहते. चित्रांपेक्षा त्यांचे आवाज मला धरून ठेवतात. के फ्रान्सिसचा आवाज खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा, घाई नसलेला. ‘र’ आला की किंचित घसरतो आणि लगेच सावरतो. ऐकत राहावंसा वाटतो.

तिच्याबद्दल वाचायला लागले आणि सुरुवातीलाच एक गोष्ट सापडली. नटी होण्याआधी ती न्यूयॉर्कमध्ये सेक्रेटरीचा कोर्स करत होती. जन्म १३ जानेवारी १९०५चा, ओक्लाहोमा सिटीचा, नाव कॅथरिन एडविना गिब्ज. आई कॅथरिन क्लिंटन, फिरत्या नाटक कंपन्यांतली नटी. वडील लवकरच बाजूला झाले. आईचं बिऱ्हाड सतत हलत असायचं, पोरीच्या शाळा बदलत असायच्या. अशा घरातल्या मुलीनं आधी हातात कमाईची विद्या घ्यावी हे मला अगदी ओळखीचं वाटलं. आमच्या इन्स्टिट्यूटमधल्या निम्म्या मुली याच कारणानं आलेल्या होत्या. पुढं आयुष्यभर तिनं डायरी लिहिली आणि त्यातल्या खासगी नोंदी लघुलिपीत ठेवल्या. त्या डायऱ्या आज कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आम्ही मैत्रिणीही घरच्यांनी वाचू नये असं काही असलं की तेच करायचो.

सतराव्या वर्षी तिचं ड्वाइट फ्रान्सिस नावाच्या श्रीमंत घरातल्या मुलाशी लग्न झालं. ते टिकलं नाही, आडनाव मात्र टिकलं. १९२५ साली ‘हॅम्लेट’चा एक प्रयोग ब्रॉडवेवर आला होता, सगळी पात्रं आधुनिक पोशाखात. त्यात नाटकातल्या नाटकामधली राणी तिनं केली. तीन वर्षांनी ‘एल्मर द ग्रेट’ या नाटकात वॉल्टर ह्यूस्टनबरोबर काम मिळालं आणि त्याच ओळखीनं पॅरामाउंटच्या ‘जंटलमेन ऑफ द प्रेस’मध्ये ती आली. पुढं पडद्यावर तिचं नाव झालं के फ्रान्सिस.

पॅरामाउंटचा न्यूयॉर्कमधला स्टुडिओ अ‍ॅस्टोरियाला होता, क्वीन्स भागात. ब्रॉडवेवरचे नट दिवसा तिथं शूटिंग करत आणि संध्याकाळी नाटकाला परत जात. केचा दुसरा सिनेमा, मार्क्स बंधू या विनोदी नटांचा ‘द कोकोनट्स’, तिथंच झाला. मार्क्स बंधू रात्री ‘अ‍ॅनिमल क्रॅकर्स’चे प्रयोग करत होते. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेरा आणि तो चालवणारा माणूस दोघांनाही बंद पेटीत कोंडत. माइक एका जागी लपवलेला असे, त्याच्या टप्प्याबाहेर गेलात की आवाज गेला. आणि कागद! कोरडा कागद नुसता उलगडला तरी त्या माइकमध्ये असा कडाडायचा की संवाद बुडून जायचा. शेवटी त्या सिनेमातले नकाशे आणि कागद पाण्यात भिजवून वापरले. आजही सिनेमा नीट पाहिला तर दिसतं, ग्राउचो मार्क्सच्या हातातला नकाशा ओल्या फडक्यासारखा लोंबतो. माझा सगळा जन्म कागद उलटण्यात गेला, म्हणून हा तपशील मला फार आवडतो. त्यातली के म्हणजे दागिने चोरणारी बाई. उंच, काळे आखूड केस, कपाळावर केसांचं टोक उतरलेलं, आणि सगळे ओरडत-पळत असताना ही एकटी शांत आवाजात बोलतेय. तसा माइक शांत बोलणाऱ्याला साथ द्यायचा. रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असलेले लोक तिथं कर्कश वाटले. केचा आवाज मुळात खोलीतल्या खोलीत बोलण्याचा होता, आणि बोलपटाला तोच हवा होता.

मग हॉलिवूड. पॅरामाउंटनं तिला दोन वर्षं भराभर राबवली, विल्यम पॉवेलबरोबर जोडी जमली. पुढं वॉर्नर ब्रदर्सनं पॅरामाउंटची तीन मोठी माणसं जास्त पगार देऊन फोडली: पॉवेल, रूथ चॅटर्टन आणि के.

१९३२ हे तिचं वर्ष. एका वर्षात तिनं जे काम केलंय ते सलग पाहिलं तर थक्क व्हायला होतं. वॉर्नरकडचा पहिला सिनेमा ‘मॅन वॉन्टेड’. त्यात ती एका मासिकाची संपादक आहे, भल्या मोठ्या ऑफिसची मालकीण. नवरा पोलो आणि पार्ट्यांत गुंग. कामाच्या तासांना कंटाळून तिची सेक्रेटरी सोडून जाते आणि व्यायामाचं यंत्र विकायला आलेला एक तरुण त्या जागी लागतो. बाई डिक्टेशन देतेय आणि पुरुष लिहून घेतोय, हे १९३२ सालच्या सिनेमात! मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या इमारतीत डिक्टेशन देणारी एकही बाई नव्हती. नंतर एक महिला न्यायाधीश आल्या आणि मी पहिल्यांदा बाईच्या आवाजातला निकाल लिहून घेतला. तो दिवस माझ्या अजून लक्षात आहे. ‘मॅन वॉन्टेड’ची गोष्ट किरकोळ आहे, शेवट तर घाईचाच. पण टेबलामागे बसून काम करणारी के खोटी वाटत नाही. कागद कसा सरकवायचा, बोलता बोलता पुढच्या वाक्यासाठी कुठं थांबायचं, हे तिला ठाऊक आहे. ते त्या सेक्रेटरीच्या कोर्सातून आलं असं मी मानते.

त्याच वर्षीचा ‘वन वे पॅसेज’. हाँगकाँगहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी बोट. तो, म्हणजे पॉवेल, खुनाच्या आरोपात फाशीची शिक्षा झालेला, पोलीस त्याला परत नेतोय. ती असाध्य आजारी, फार दिवस नाहीत. दोघांनाही स्वतःचं माहीत आहे आणि दुसऱ्याला सांगायचं नाहीये. मद्याचा पेला पिऊन झाला की तो फोडायचा आणि देठ एकमेकांवर तिरके ठेवायचे, ही त्यांची खूण. होनोलुलूला बोट लागते तेव्हा त्याला पळून जाता येत असतं, आणि नेमकी तेव्हाच ती कोसळते. तिला उचलून तो बोटीवर परत येतो. सगळा सिनेमा सव्वा तासाच्या आत संपतो. याच्या कथेला रॉबर्ट लॉर्डला ऑस्कर मिळालं, पण तो सिनेमा पेललाय पॉवेल आणि के यांनी. मरणारी बाई म्हणजे खोकला, उसासे, डोळ्यांत पाणी, असं आपण शेकडो वेळा पाहिलंय. के यातलं काही करत नाही. ती मजेत आहे, खरोखर मजेत, आणि मधेच कुठंतरी वाक्य पूर्ण व्हायला एक श्वास जास्त लागतो. बस्स. शेवट इथं सांगत नाही.

आणि तिसरा, दिग्दर्शक लुबिचचा ‘ट्रबल इन पॅरडाइज’. वॉर्नरनं तिला यासाठी पुन्हा पॅरामाउंटकडे उसनी दिली. हर्बर्ट मार्शल आणि मिरियम हॉपकिन्स हे दोन अट्टल चोर, आणि के ही अत्तराच्या कंपनीची विधवा मालकीण, मादाम कोले. तिच्या पहिल्याच प्रसंगात संचालक मंडळ कामगारांचे पगार कापायला सांगतंय. ती म्हणते, मला जेवायला जायचंय, पगार आहेत तसेच राहू द्या. मग दुकानात जाते, तीन हजार फ्रँकची पर्स महाग म्हणून नाकारते आणि सव्वा लाखाची घेते. ती पर्स चोरीला जाते, चोरच ती ‘सापडली’ म्हणून परत आणून देतो आणि तिचा सेक्रेटरी होतो. म्हणजे वर्षात दुसऱ्यांदा केच्या हाताखाली पुरुष सेक्रेटरी. शेवटी तिला सगळं कळतं. हा चोर आहे, जाणार आहे, आणि जाताना दुसरीसाठी आपले मोती नेतोय. त्या दारातल्या निरोपात ती रडत नाही, ओरडत नाही. मोती गेलेले पाहूनही चेहऱ्यावर हसू राहतं आणि ते हसू खरं असतं. या प्रसंगासाठी मी हा सिनेमा कितीदा लावते. १९३४च्या मध्यापासून सेन्सॉरचे नियम कडक झाले आणि पुढच्या वर्षी या सिनेमाला पुन्हा प्रदर्शनाची परवानगी मिळाली नाही. कित्येक वर्षं तो लोकांना पाहायलाच मिळाला नाही. केचं सगळ्यात चांगलं काम असं कपाटात बंद राहिलं. तिचं नाव मागं पडण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

पुढची तीन-चार वर्षं ती वॉर्नरची राणी होती. डॉक्टर झाली (‘मेरी स्टीव्हन्स, एम.डी.’, ‘डॉक्टर मोनिका’), १९३६ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल झाली. १९३५ साली तिची कमाई १ लाख १५ हजार डॉलर होती. त्याच स्टुडिओत बेटी डेव्हिसला त्या वर्षी १८ हजार मिळाले. पण कथा पातळ होत चालल्या होत्या. नियमांमुळे १९३२ची धीट, कमावती, स्वतःचे निर्णय घेणारी बाई पडद्यावर दाखवणं अवघड झालं. तिच्या जागी आली सोसणारी, त्याग करणारी, दर प्रसंगात नवा गाऊन घालणारी बाई. ऑरी-केलीनं शिवलेले कपडे तिला शोभायचे म्हणून लोक कपडेच पाहायला येतात असं स्टुडिओनं ठरवून टाकलं.

१९३७ साली ती कोर्टात गेली. ‘तोवारिच’ या सिनेमातली भूमिका आपल्याला कबूल केली होती असं तिचं म्हणणं, आणि वॉर्नरनं ती क्लॉडेट कोल्बेअरला दिली. तिला करारातून सुटका हवी होती. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. त्यानंतर जे झालं ते समजायला त्या काळचा करार समजून घ्यावा लागतो. माझ्या नोकरीमुळे असेल, पण इथं मी थोडी रेंगाळणार आहे.

स्टुडिओचा करार साधारण सात वर्षांचा. कोणता सिनेमा करायचा ते स्टुडिओ ठरवणार. नटीनं नकार दिला तर तिला निलंबित करायचं, पगार बंद, आणि निलंबनाचे दिवस कराराच्या शेवटी जोडायचे. म्हणजे भांडाल तितका करार लांबत जाणार. बेटी डेव्हिस १९३६ साली याच स्टुडिओविरुद्ध लंडनच्या न्यायालयात लढली आणि हरली. पुढं १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं ऑलिव्हिया द हॅविलँड या नटीच्या दाव्यात निकाल दिला की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, निलंबनाचे दिवस जोडून ती वाढवता येणार नाहीत. के फ्रान्सिसला या निकालाचा उपयोग व्हायचा नव्हता. तिच्यापुढं रस्ते दोनच: वैतागून करार मोडायचा आणि पगारावर पाणी सोडायचं, किंवा देतील ते काम करायचं.

वॉर्नरला ती जायला हवी होती, कारण आठवड्याला पाच हजार डॉलरहून जास्त पगार होता. म्हणून तिला कमी खर्चाच्या, झटपट उरकायच्या सिनेमांच्या विभागात टाकलं. ‘माय बिल’मध्ये चार मुलांची विधवा आई, मग ‘सिक्रेट्स ऑफ अ‍ॅन अ‍ॅक्ट्रेस’, मग ‘कॉमेट ओव्हर ब्रॉडवे’. ‘किंग ऑफ द अंडरवर्ल्ड’मध्ये ती पुन्हा डॉक्टर झाली, पण श्रेयनामावलीत हम्फ्री बोगार्टचं नाव वर आणि हिचं खाली. शेवटचा ‘विमेन इन द विंड’, त्यात वैमानिक. १९३८च्या मे महिन्यात थिएटरमालकांच्या एका संघटनेनं ‘हॉलिवूड रिपोर्टर’मध्ये पैसे देऊन जाहिरात छापली आणि काही तारे गल्ल्याला विष आहेत असं नावानिशी सांगितलं. ग्रेटा गार्बो, जोन क्रॉफर्ड, कॅथरिन हेपबर्न, मार्लेन डीट्रिश, आणि के फ्रान्सिस.

तिनं एकाही सिनेमाला नकार दिला नाही. दिलेलं काम केलं, पगार घेतला आणि करार संपला तेव्हा बाहेर पडली.

तिच्यावर लिहिणारे बरेच जण या दोन वर्षांकडे कीव करत पाहतात. राणीचा पाडाव वगैरे. मला ते पटत नाही. मी ते सिनेमे पाहिलेत. ‘किंग ऑफ द अंडरवर्ल्ड’ सुमार आहे, पण त्यात तिनं कुठंही हात आखडता घेतलेला नाही. बोगार्टला फसवून डोळ्यांत औषध घालते तो प्रसंग ती पूर्ण मन लावून करते. वरिष्ठांची मर्जी फिरल्यावर माणसाला नको त्या टेबलावर बसवतात, कंटाळून आपणहून राजीनामा देईल म्हणून वाट पाहतात. एका जागी, जिथं मी काही काळ काम केलं, तिथं माझ्याबाबतीतही असं झालं. रोज वेळेवर येऊन, रोजचं काम रोज पूर्ण करून, पहिल्या तारखेला पगार घेऊन घरी जाणं यात काय ताकद लागते ते मला माहीत आहे. केकडे ती होती. आणि मेहनतीचा तो पैसा तिनं उडवला नाही. कपड्यांसाठी गाजलेली ही बाई खऱ्या आयुष्यात काटकसरी होती. त्याचं फळ तिच्या मृत्युपत्रात दिसतं.

वॉर्नरमधून सुटल्यावर लगेच ‘इन नेम ओन्ली’ आला, आरकेओ स्टुडिओचा, कॅरोल लोम्बार्ड आणि केरी ग्रँटबरोबर. पैशासाठी लग्न केलेली, नवऱ्याला सोडायला तयार नसलेली पाताळयंत्री बायको तिनं अशी केलीय की अंगावर काटा येतो. इतकी वर्षं सोसणाऱ्या बायका करायला लावल्या आणि या बाईच्या अंगात हे होतं! पण अशा भूमिका पुढं फारशा आल्या नाहीत. पडद्यावर डियाना डर्बिनची आई झाली, जॅक बेनीबरोबर ‘चार्लीज आंट’ केला. युद्धात मार्था रे, कॅरोल लँडिस आणि मिट्झी मेफेअर यांच्याबरोबर इंग्लंड आणि उत्तर आफ्रिकेत सैनिकांसाठी कार्यक्रम करत फिरली. त्या दौऱ्यावर निघालेला सिनेमा दौऱ्याच्या मानानं फिका आहे. १९४५-४६ मध्ये मोनोग्राम या छोट्या कंपनीत तिनं तीन सिनेमे केले, पण यावेळी सहनिर्माती म्हणून. पैसे थोडे होते, पण काय करायचं हे ठरवण्यात आता तिचाही हात होता. मग पुन्हा रंगभूमी. १९४८ साली नाटकाच्या दौऱ्यात ओहायोमधल्या कोलंबसला झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या आणि शुद्धीवर आणण्याच्या धावपळीत रेडिएटरला लागून तिचे पाय भाजले. त्यानंतर काही वर्षांत तिनं काम थांबवलं आणि न्यूयॉर्कमध्ये शांतपणे राहिली.

२६ ऑगस्ट १९६८ला ती कर्करोगानं गेली. अंत्यसंस्काराचा समारंभ नको असं तिनं लिहून ठेवलं होतं. दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम तिनं न्यू जर्सीतल्या ‘द सीइंग आय’ या संस्थेला दिली. अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री तिथं तयार करतात. ‘माय बिल’चा आठवडी पगारही त्यात असणार, ‘विमेन इन द विंड’चाही.

पाहायचं असेल तर सुरुवात ‘वन वे पॅसेज’पासून करा. मग ‘ट्रबल इन पॅरडाइज’, आणि त्यातला संचालक मंडळाचा प्रसंग आवाज मोठा करून ऐका. सरावलेल्या कानाला पहिल्या दहा मिनिटांतच तिचा ‘र’ सापडेल, पण थोड्या वेळानं त्याकडे लक्ष जाणार नाही. ‘मॅन वॉन्टेड’ तासाभराचा आहे, त्यात ऑफिसचे प्रसंग पाहा. ‘किंग ऑफ द अंडरवर्ल्ड’ सगळ्यात शेवटी ठेवा, पण पाहाच. स्टेनोच्या नोकरीतल्या माझ्या जुन्या मैत्रिणींना मी यादी पाठवते तेव्हा तो पहिल्या नंबरावर लिहिते. त्यांना करार, बदली आणि टेबल यांबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.